गाडी उचलण्याचा हिशेब

आमच्याकडं ‘गाडी उचलणे’ या शब्दांचे आजवर दोनच अर्थ होते. ‘अमक्याच्या पोरानं गाडी उचलली’ म्हणजे शोरूममधून हप्त्यावर घेतली. आणि हप्ते थकले की फायनान्सवाले येऊन तीच गाडी ‘उचलून नेतात’. गेल्या चार-पाच वर्षांत यात तिसरा अर्थ आला. गाडी उचलणे म्हणजे स्प्रिंग बदलून, मोठे टायर घालून तिची उंची वाढवणे. रील्सवाले याला ‘लिफ्ट’ म्हणतात.

माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, या तिसऱ्या अर्थानं गाडी उचलायची होती. गाडी जिप्सी, सेकंडहॅंड, पेट्रोल. खर्चाचा त्याचा अंदाज दीड लाखाच्या पुढं, आणि त्यातले निम्मे माझ्याकडून. ‘तू इंजिनिअर आहेस, एकदा हिशेब करून बघ,’ असं तो म्हणाला. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला गावात फ्रिजपासून बोअरवेलच्या मोटरपर्यंत सगळं कळतं असं धरूनच चालतात. मी एक एक्सेल शीट उघडली. हा लेख त्या शीटबद्दल आहे, आणि शीटमध्ये न मावलेल्या एका रकान्याबद्दल.

आधी जागा सांगतो. नगर जिल्हा म्हटलं की (कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो) लोकांना दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. आमचा अकोले तालुका या चित्रात बसत नाही. जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कण्यावर. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई इथलं, हरिश्चंद्रगड इथला, भंडारदऱ्याचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण इथलं. पाथर्डी-शेवगावकडं टँकर फिरत असतात तेव्हा घाटघर-रतनवाडीला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. डांबर दोन पावसाळे टिकलं तरी लोक ठेकेदाराला दुवा देतात. मे-जूनमध्ये काजवे बघायला, मग धबधब्यांना आणि पावसाळा सरला की साम्रदच्या सांदण दरीला गाड्याच गाड्या येतात. त्यात पुण्या-मुंबईच्या उचललेल्या थार आणि जिप्सी असतात. छातीएवढे टायर, पुढं विंच, वर दिव्यांची पट्टी.

दादाचं घर रस्त्यालाच आहे. दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. त्याची जिप्सी किराणा आणते, सिलिंडर आणते, आणि पावसाळ्यात वाडीवर कुणाला रात्री-बेरात्री राजूरच्या दवाखान्यात न्यायचं झालं तर तिलाच हाक येते. जिथं अॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागतो तिथं कुणाची का असेना, चारचाकी ही निम्मी सार्वजनिकच असते. हा मुद्दा मी शीटच्या पहिल्या ओळीत लिहिला, कारण पुढची सगळी गणितं याच ओळीला उत्तर देणार होती.

आता गणित. गाडीच्या पोटाखालची जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, जिप्सीला मुळातच २१० मिलिमीटर आहे. ही जागा मोजतात ती सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागापासून. जिप्सीला पुढं-मागं दोन्हीकडं सलग आस आहे, आणि त्या आसावर डिफरन्शियलचा फुगवटा. मेकॅनिक लोक त्याला ‘गोळा’ म्हणतात. दगडाला आधी लागतो तो हा गोळा.

लिफ्टचं सगळं मार्केटिंग इथं फसतं. तुम्ही स्प्रिंग कितीही उंच केल्या तरी स्प्रिंग असतात आस आणि बॉडी यांच्या दरम्यान. त्यामुळं वर जाते ती बॉडी. गोळा चाकाच्या मध्याला बांधलेला, तो जिथं होता तिथंच राहतो. त्याला वर न्यायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोठा टायर. तोही व्यासाच्या निम्माच फायदा देतो, कारण आस चाकाच्या मधोमध असतो.

नाना, म्हणजे दादाचे वडील, वीस वर्षं राजूरच्या रस्त्यावर वडाप चालवायचे. महिंद्राची जीप, आत बारा आणि टपावर देव जाणे किती. मी त्यांना लॅपटॉपवर आकृती दाखवायला लागलो तर म्हणाले, ‘अरं, धोतार वर खोचलं म्हणून गुडघा वर जातो का?’ पुढची आकृती मी दाखवली नाही.

मग लिफ्ट कशाला करतात? मुख्यतः मोठा टायर बसावा म्हणून. खड्ड्यात चाक वर उसळलं किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मोठा टायर मडगार्डला घासतो. त्याला जागा हवी म्हणून बॉडी वर न्यायची. उंच बॉडीचा स्वतःचा फायदाही आहे. चढाला लागताना नाक आणि उतरताना शेपूट घासत नाही, बांधावरून जाताना पोट टेकत नाही. म्हणजे लिफ्ट खोटी नाही, पण तिचं काम दुय्यम आहे.

आता दादाच्या मनातला टायर. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. हे आकडे वाचायची पद्धत सोपी आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास भरतो ६६८ मिलिमीटर. दादाला हवा होता ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ११९. त्याचा निम्मा, म्हणजे जेमतेम ६ सेंटिमीटर, गोळा वर जाणार. दगड-धोंड्यांच्या रस्त्यावर ६ सेंटिमीटर ही खरंच मोठी गोष्ट आहे, हे मी दादाला आधीच कबूल करून टाकलं.

पण चाक १८ टक्के मोठं झालं की त्याचं बिलही १८ टक्क्यांचं येतं. इंजिन तेच, ८० अश्वशक्तीचं. गिअर तेच. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे १५ टक्क्यांनी घटते. भरल्या गाडीनं घाट चढताना दुसऱ्या गिअरचं काम पहिल्यावर येतं. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी खरी ५९ ने पळत असते. ब्रेकचंही तेच. डिस्क आणि ड्रम जुन्याच मापाचे, पण त्यांना थांबवायचंय ते मोठं आणि जड चाक. गिअरचे दात बदलून ओढ परत मिळवता येते, ब्रेकही मोठे करता येतात, पण मग दीड लाखाचे अडीच होतात.

एवढा टायर बसवायला जिप्सीत जो प्रकार करतात त्याला गॅरेजवाले ‘पाटे वर घेणे’ म्हणतात. कंपनीतून पाटे आसाच्या खालून गेलेले असतात. ते काढून आसाच्या वर बसवायचे. नवीन बैठका वेल्डिंग करायच्या, यू-बोल्ट उलटे लावायचे. बॉडी एका झटक्यात दहा-बारा सेंटिमीटर वर. पाट्याखालची प्लेट आणि यू-बोल्टची लोंबणारी टोकंही वर जातात, हा खरा फायदा. स्वस्तात एवढी उंची दुसरं काही देत नाही.

पण गाडी ही एकमेकांत अडकलेल्या भागांची बनलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फंक्शन बदललं की दहा ठिकाणी टेस्ट फेल होतात. गिअरबॉक्सकडून आसाकडं जाणारा जॉइंट आता जास्त तिरका होतो, त्याचे क्रॉस लवकर जातात, गाडी थरथरते. ब्रेकचे रबरी पाइप आखूड पडतात. चाक खाली लोंबलं की ते ताणले जातात, म्हणून लांब पाइप टाकावेच लागतात. स्टेअरिंगचा दांडा तिरका झाला की खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. ओढ लागली की आस फिरू बघतो आणि पाटे एस आकारात पिळले जातात. हे सगळं नीट करणारे कारागीर आहेत. मात्र रील तीस सेकंदांची असते, आणि त्यात पाइपाची लांबी दिसत नाही.

शीटमधला सगळ्यात लाल रकाना मात्र वेगळा होता. गाडी उलटण्याचा.

याचं गणित दहावीच्या पोरालाही जमेल. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी स्थिर. जिप्सीच्या दोन चाकांत साधारण १३०० मिलिमीटर अंतर आहे. त्याचा निम्मा ६५ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ वर आहे असं समजू. भागाकार बरोब्बर १, म्हणजे कागदावर गाडी ४५ अंश कलेपर्यंत पडत नाही. आता पाटे वर घेतले, ३१ इंची टायर घातले आणि गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर वर गेला असं धरू. भागाकार ०.८१, कोन ३९. रिम बाहेर काढून थोडं परत मिळवता येतं, पण मग बेअरिंगवर जोर येतो. शिवाय हा हिशेब थांबलेल्या गाडीचा आहे. चालत्या गाडीत स्प्रिंग कलतात, मागं बसलेली माणसं एका बाजूला झुकतात, आणि वळणावर अचानक म्हैस येते.

ही भीती पुस्तकी नाही. जिप्सी आपल्याकडं १९८५ मध्ये आली ती सुझुकीच्या एसजे मालिकेतून. तिचंच आखूड भावंड अमेरिकेत ‘सामुराई’ नावानं विकलं जायचं. १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकानं चाचणी घेऊन लिहिलं की अचानक वळवल्यावर ही गाडी सहज कलंडू शकते, घेऊ नका. तिथल्या सरकारी यंत्रणेनं गाड्या परत मागवायला नकार दिला. सुझुकीनं १९९६ मध्ये मासिकावर दावा लावला आणि २००४ मध्ये तो तडजोडीनं मिटला. बरोबर कोण होतं यावर लोक अजून भांडतात. मला यात रस आहे तो वेगळ्या गोष्टीसाठी. हा सगळा वाद कंपनीच्या मूळ उंचीच्या गाडीवर होता. आणि १९९३ मध्ये मारुतीनं जिप्सी सुधारली तेव्हा तिच्या दोन चाकांतलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं. गाडी रुंद केली, उंच नाही.

‘पण मग चिखलात अडकतो त्याचं काय?’ दादानं विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर नगर शहरातच आहे.

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरच्या आवारात १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेची सहल तिथं जातेच. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून १९६५ मध्ये पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटनपर्यंत सगळं बघायला मिळतं. लहानपणी आपण तोफा बघतो. आता गेलात तर पट्टे बघा. टी-७२ हा रणगाडा सुमारे ४१ टनांचा, पण तो वजन इतकं पसरवतो की जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोही दाब येत नाही. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर जमिनीवर दोन किलोच्या आसपास दाब येतो. म्हणजे चिखलात तुमची हॅचबॅक रणगाड्यापेक्षा जास्त रुतते. रणगाडा बनवणाऱ्यांनी चिखलाचा प्रश्न उंचीनं सोडवला नाही, पसरून सोडवला.

टायरवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच की हवा कमी करा. ३० ची १५ केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग जवळपास दुप्पट होतो, दगडावर रबर त्याचा आकार घेऊन बसतं. खर्च शून्य. पथ्यं दोन. हळू चालवायचं, नाहीतर टायर रिममधून निसटतो. आणि डांबर लागायच्या आत परत हवा भरायची. त्यासाठी सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप पुरतो. मागच्या पावसाळ्यात घरामागच्या ज्या चढावर दादाची जिप्सी दोनदा मागं घसरली होती, तिथं त्याच झिजलेल्या टायरांवर हवा १६ ठेवून, फोर-लो गिअर टाकून ती सावकाश वर गेली. दादा खूश व्हायच्याऐवजी जरा हिरमुसला. मला ते तेव्हा कळलं नाही.

एक रकाना कायद्याचाही होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीत नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये मालकासाठी दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. रस्त्यावर उचललेल्या इतक्या गाड्या दिसतात, पण म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत. पोलिसांची पावती तर किरकोळ. खरा प्रश्न अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर टायरवरचे आकडे वाचतो तेव्हा येतो. मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचे ब्रेक, स्टेअरिंग तपासून मंजुरी देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, आपल्या नगरमध्येच आहे. तिथं ट्रॅकवर गाड्या महिनोन्‌महिने धडकत-आदळत तपासल्या जातात. पाटे वर घेतले की त्या मंजुरीचा आपल्या गाडीशी संबंध संपतो. पुढचा टेस्ट ट्रॅक म्हणजे आपला घाट, आणि टेस्ट ड्रायव्हर आपण.

हे सगळं मी दादाला एका संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितलं. शेवटचा आकडा खास ठेवला होता. बॉडी १२ आणि टायर ६ मिळून मागचा दरवाजा १८ सेंटिमीटर वर जाणार. घराच्या जिन्याची एक पूर्ण पायरी. ‘रात्री पोटुशी बाई घेऊन राजूरला निघालास तर ती चढणार कशी?’

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुझं सगळं बरोबर आहे. पण तुला एक सांगू? शनिवारी तीस-चाळीस गाड्या येतात इथं. सगळ्या उंच. काच खाली करून मला विचारतात, भैया, रस्ता कुठे जातो. मी माझ्या गाडीत बसलेलो असलो तरी मान वर करून उत्तर द्यावं लागतं. गाव माझं, रस्ता माझा, पावसात अडकले की ओढून काढायला मीच. आणि मान वर मी करायची.’

शीटमध्ये या वाक्यासाठी रकाना नव्हता. लिफ्टला नावं ठेवणारे आम्ही सगळे याला ‘शो-ऑफ’ म्हणून मोकळे होतो. पण उंचीची भूक पुण्याच्या आयटीवाल्याला वेगळी लागते आणि त्याला पार्किंग दाखवणाऱ्याला वेगळी. पहिल्याला डोंगरात आल्यासारखं वाटायला हवं असतं. दुसरा डोंगरातच राहतो, त्याला बरोबरीनं दिसायचं असतं. १८ सेंटिमीटरला दीड लाख जास्त आहेत असं मी म्हणत होतो. तो म्हणत होता की १८ सेंटिमीटरच कमी पडतात.

मार्ग नानांनी काढला, आणि तो मला सुचायला हवा होता असं वाटावं इतका साधा होता. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘वर घ्यायची ते नंतर बघू. आधी ही बसली किती ते बघा.’

जुन्या गाडीचे पाटे थकतात. पोलादाची कमान वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं सपाट होत जाते आणि गाडी नकळत खाली बसते. संगमनेरला पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकचं काम करणाऱ्या कमानपाटेवाल्यांची दुकानं आहेत. तिथं पाटे उतरवले. दोन पानं तडकलेली निघाली, ती बदलली. बाकीच्यांना परत कमान दिली. शॅकलचे बुश, चारही शॉकअप नवीन, सगळं मूळ मापाचं. टायर त्याच आकाराचे, फक्त खोल नक्षीचे. आधी आणि नंतर मी टेपनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजलं. पुढं तीन सेंटिमीटर, मागं साडेचार. कंपनीनं दिलेली आणि आम्ही वापरून गमावलेली उंची. आरसीत एक अक्षर बदललं नाही. सगळा खर्च दादाच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शात बसला. निम्मे मी दिले, ठरल्याप्रमाणं.

दादाचं समाधान झालंय असं मी म्हणणार नाही. ३१ इंची टायर लावलेल्या एका काळ्या जिप्सीचा फोटो अजून त्याच्या वॉलपेपरवर आहे. मात्र शनिवारच्या गर्दीत तो आता एक काम करतो. चढावर अडकलेल्या उंच गाडीशेजारी थांबतो, खाली उतरतो आणि शहरातल्या पोराला सांगतो, ‘हवा किती आहे? पस्तीस? सोळा कर.’ पोरगं गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह सोडत असतं तेव्हा दादा उभा असतो.

गाडी संगमनेरहून आली त्या रात्री त्यानं रील टाकली. खाली लिहिलं, ‘फायनली लिफ्टेड’. कुणीतरी विचारलं, कुठली किट? दादानं उत्तर दिलं, ‘कंपनीचीच.’